यादीतलं दुसरं नाव

मला इंग्रजी वाचताच येत नाही असं नाही. एकेक अक्षर ओळखते, जोडते, आणि तोवर समोरचा माणूस दोन वाक्यं पुढे गेलेला असतो. नववीत शाळा सुटली ती सुटली. त्यामुळे दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी वाचून काम करत नव्हते, जागा ओळखून करत होते. वर डावीकडे तिसरं चित्र, मग खाली उघडणाऱ्या यादीतलं दुसरं नाव, मग लाल गोल. अंधारात हात घातला तरी मिठाचा डबा सापडतो ना, तसं. फक्त मधे कुणी डबे हलवायचे नाहीत.

दुकान नागपुरात, बर्डीच्या बाजारामागच्या गल्लीत. जुन्या कॅसेट कॉम्प्युटरमध्ये भरून पेनड्राइव्हवर द्यायचं काम. लग्नाच्या कॅसेट, भजनाच्या, मुलांच्या बोबड्या बोलांच्या. मालक साठीचे, सगळं आयुष्य रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेलं. माझं माहेर कोल्हापूरच्या गडहिंग्लजकडचं, म्हणजे नागपूरहून अख्खा दिवस आणि वर रात्र. नवरा शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात, आमची खोलीही तिकडेच. दुकानात मी झाडलोटीला लागले होते. पहिल्याच आठवड्यात एक बाई कॅसेटमधून बाहेर आलेल्या पट्टीचा गुंता घेऊन आल्या. मालक चष्मा शोधत होते तोवर मी तो सोडवला, एक वळी न पडू देता. मालक म्हणाले, "ए कोल्हापूर, झाडू ठेव खाली. इकडे बस." तेव्हापासून मी मशीनवर. कितवी शिकलीस हे त्यांनी विचारलं नाही. मला मात्र रोज सकाळी शटर वर जाताना वाटायचं, आज विचारतील.

त्यांची एक काळी डबी होती, पंजात मावेल एवढी. समोर एक गोल बटण आणि हेडफोनची जागा, मागे टेपची वायर लावायला दोन भोकं, आणि एक वायर कॉम्प्युटरला. ते तिला बाहेरचं साउंड कार्ड म्हणत. ती यायच्या आधी आम्ही टेपची वायर थेट कॉम्प्युटरमध्ये खुपसायचो. भरलेल्या आवाजाच्या मागे सारखं घूं घूं चालायचं, माउस हलवला तरी कर्रर्र व्हायचं. मालकांनी मला समजावलं होतं, "कॉम्प्युटरच्या पोटात पंखा, करंट, शंभर भानगडी. त्या गर्दीत आवाजाले बसवलं तर तो खराब होणारच. म्हणून त्याची खोली बाहेर बांधली. इथं तो निवांत कपडे बदलते, मग आत जाते." डबीत हेडफोन लावला की टेपचा आवाज कॉम्प्युटरमध्ये जायच्या आधीच थेट कानात यायचा. स्वच्छ. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला विहिरीचा तळ दिसल्यासारखं झालं होतं.

सकाळी डबी लावायची, यादीतलं नाव निवडायचं, ते बहुतेक मालकच करत. मी बघून ठेवलं होतं. दुसरं नाव.

मे महिन्यात एक जोडपं आलं. उमरेडहून. माणूस उंच, खाणीतून निवृत्त झालेला, गळ्याला पांढरा रुमाल. बाई बुटकी, हातात दवाखान्याची पिशवी. धंतोलीतल्या दवाखान्यात तपासणी करून थेट आमच्याकडे आले होते.

"यायचा आवाज हाये यात," नवऱ्याकडे बोट करून बाईंनी कॅसेट काउंटरवर ठेवली. "दुसरा कुठंच नाही."

मालकांनी त्या माणसाकडे पाहिलं. त्याने रुमाल थोडा बाजूला केला. गळ्यात भोक होतं. घशाचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले होते. बोलणं कायमचं गेलं होतं. खिशातून लहान पोरांची पाटी काढून त्याने लिहिलं, 'रविवारी नातीचं लग्न.'

पुढचं बाईंनी सांगितलं. त्यांच्या वस्तीत लग्न कुणाचंही असो, बुद्धवंदना घ्यायला हाच माणूस. तो एक ओळ म्हणणार, थांबणार, मांडव ती ओळ मागून म्हणणार. तीस वर्षं असं चाललं. नातीने हट्ट धरला होता की तिच्या लग्नात दुसरं कुणी वंदना घ्यायची नाही, आबाचाच आवाज पाहिजे. आणि आवाज होता तो एवढ्या एका कॅसेटमध्ये. विहारातल्या पोरांना पाठ करता यावं म्हणून त्याने कधीतरी खाणीच्या क्वार्टरमध्ये बसून, कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणून भरलेला.

मालकांनी कॅसेट उघडली. आतली पट्टी नव्या खोळीत घातली. बोटाला तपकिरी भुकटी लागली ती बाईंना दाखवली. "वहिनी, खरं सांगतो. ही एकदा चालेल. दुसऱ्यांदा चालली तर तिची मेहरबानी. शनिवारी या. मी स्वतः करतो."

पण गुरुवारी त्यांच्या पुण्याच्या मुलीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. मुलगी दिसावी म्हणून संध्याकाळी त्यांनी घरून एक लहान कॅमेरा आणला, कॉम्प्युटरच्या डोक्यावर बसवला आणि तिच्याशी बोलत बसले. रात्रीच्या गाडीने ते पुण्याला गेले. शुक्रवारी मी काही भरलं नाही, झाडलोट करत होते तेव्हा त्यांचा फोन आला. "शनिवारी ते लोक येतील. तूच कर. घाबरू नको, हात चांगला हाये तुझा. आधी दुसरी एखादी टेप लावून पाह, मग त्यायची लाव. समजलं का?"

"समजलं," मी म्हणाले. काका, तुम्ही येईपर्यंत थांबू या, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण पलीकडे कुणीतरी त्यांना हाक मारली.

शनिवारी बारा वाजता दोघं आली. बाईंच्या कपाळावरून घाम निथळत होता. "मालक कुठी हाये?" मी सांगितलं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, वरपासून खालपर्यंत.

"तुले येते काय वं हे?"

"येतं."

"नक्की?"

"मी रोज करते." हे खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.

त्यात फांद्या तोडायच्या म्हणून दोन वाजता लाइन जाणार असं वीजवाले सकाळीच गल्लीत सांगून गेले होते. इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि दिवा चालायचा. कॅसेटची बाजू पंचवीस मिनिटांची. वेळ होता, तरी मला घाई सुटली. मी कूलर बंद केला, पंखा ठेवला. कापसाला स्पिरिट लावून मशीनचं तोंड पुसलं. डबी जोडली. हेडफोन डबीत लावला. आणि दुसरी टेप लावून बघायचं राहून गेलं. राहून गेलं कसं म्हणू, मीच टाळलं. बाई घड्याळाकडे बघत होत्या आणि मला त्यांच्यासमोर चाचपडायचं नव्हतं.

यादी उघडली. दुसरं नाव. लाल गोल. मग मशीनचं बटण.

कानात आवाज आला. काय सांगू, मी खुर्चीत सरळ बसले. खाणीतल्या माणसाचा आवाज म्हणून मी काहीतरी जाड, खरबरीत धरून चालले होते. हा आवाज मऊ होता, पण मागे न सरणारा. एक ओळ आली. मग टेप गप्प झाली.

तुटली? चाकं फिरत होती. मी वळून त्या माणसाकडे बघितलं. त्याने माझा चेहरा ओळखला असणार. एक बोट वर केलं, थांब. मग त्याच बोटाने काउंटरवर ठोके दिले, टक, टक, टक, टक. तो ठोके द्यायचा थांबला आणि कानात पुढची ओळ सुरू झाली.

तेव्हा कळलं. ती मोकळी जागा त्याने ठेवलेली होती, मागून म्हणणाऱ्यांसाठी. त्याला काही ऐकू येत नव्हतं, हेडफोन माझ्या कानाला होता. पण आपण कुठे किती थांबलो होतो ते त्याच्या बोटाला ठाऊक होतं. पंचवीस मिनिटं तो ठोके देत राहिला. प्रत्येक मोकळ्या जागेत माझा जीव वर जायचा आणि प्रत्येक ओळीला खाली यायचा. पडद्यावरची रेघ थोडी थोडी हलत होती. हालचाल कमी वाटत होती, पण म्हटलं जुनी टेप, असेल.

बाजू संपली. मशीन खट्ट झालं. मी घाम पुसला आणि भरलेलं वाजवून बघितलं.

पंख्याचा आवाज. टक, टक, टक, टक. मग बाईंचा आवाज, "पाय आखडले माय... किती वेळ वं अजून?" बाहेर एका स्कूटरचा हॉर्न. टक, टक. माझाच एक सुस्कारा.

मी पुढे सरकवलं. पंखा. टक, टक. आणखी पुढे. "पोट्टीचा घाम पाहा, जसं हिचंच लग्न हाये." पंखा.

त्याचा आवाज कुठेच नव्हता.

नजर वर गेली ती सरळ कॅमेऱ्यावर. त्यालाही माइक असतो. तोही वायरने जोडलेला. तो आल्यावर यादी एकाने लांबली होती आणि डबी तिसऱ्या जागी सरकली होती. दोन्ही नावांची सुरुवात एकसारखी, आणि पुढची अक्षरं चौकटीत मावत नव्हती म्हणून कापलेली. वाचणाऱ्याने यादी रुंद करून वाचली असती. मी मोजली. कानात आवाज येत होता तो डबीतून थेट, आणि कॉम्प्युटर तेवढा वेळ खोली ऐकत बसला होता.

मी मालकांना फोन लावला. उचलला नाही. परत लावला. दवाखान्यात असणार.

त्या दोन मिनिटांत डोक्यात काय काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मशीनचं तोंड पुसलेला कापूस समोर होता, तपकिरी झालेला. तो दाखवून म्हणता आलं असतं, पट्टीच वाईट होती हो, आवाज आलाच नाही. त्यांनी मान्य केलं असतं. मालकांनीही केलं असतं. वाडीची खोली, दुकानातली खुर्ची, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. मी कापूस हातात घेतलाही. मग बघितलं तर तो माणूस माझ्याकडे बघत होता. काही विचारत नव्हता. त्याला विचारताच येत नव्हतं.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "टेप चांगली वाजली. मी ऐकली. पण कॉम्प्युटरमध्ये तुमचा आवाज भरला नाही, या खोलीचा भरला. मी चुकीचं नाव निवडलं."

बाईंना कळायला वेळ लागला. "म्हंजे? मंग इतका वेळ काय भरून राहिली होती तू?"

"हे... तुमचं बोलणं. पंखा."

"मायं बोलणं?" त्या उभ्या राहिल्या. "अवं, उद्या लग्न हाये! पोरगी आबाचा आवाज, आबाचा आवाज करून राहिली आणि तू पंखा भरला? एक शिकलेलं माणूस नाही काय या दुकानात?"

हे लागलं. मी उभीच राहिले.

त्या माणसाने हात पुढे केला. हेडफोन मागितला. मी दिला आणि वाजवलं. तो डोळे मिटून ऐकत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. गळ्यातल्या भोकातून फस् फस् हवा येत होती. तो हसत होता. पाटी ओढून त्याने लिहिलं आणि बायकोसमोर धरलं. 'तुझा आवाज एक नंबर आला.'

"हासा," बाई म्हणाल्या. "उद्या मांडवात हेच लावा. मी बडबडते, लोक मागून बडबडतील." पण त्या खाली बसल्या. पदराने तोंड पुसलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाणी हाय काय?"

मी पाणी दिलं. त्याने पाटी पुसून लिहिलं, 'परत लाव.'

"काका म्हणाले होते, दुसऱ्यांदा तुटू शकते. मधेच तुटली तर..."

त्याने पुसलं. लिहिलं, 'माहीत आहे.'

एक वाजून गेला होता. पट्टी उलटी गुंडाळायची होती. मशीनने जोरात फिरवली असती तर ती तिथेच गेली असती. मी पेन शोधत होते तोवर त्याने खिशातलं स्वतःचं पेन काढलं, कॅसेटच्या चाकात घातलं आणि फिरवायला सुरुवात केली. हळू, एका लयीत. मला हात लावू दिला नाही.

तोवर मी माझं काम केलं. कॅमेऱ्याची वायर उपटून टाकली. एक जुनी भजनाची टेप लावली. दुकानाचं मळलेलं रजिस्टर उघडून यादी रुंद करून त्यातली नावं एकेक अक्षर करत उतरवून काढली, पूर्ण. तेवढ्यावरही विश्वास बसेना. मग टेप वाजत असताना खोलीत टाळी वाजवली. पडद्यावरची रेघ टाळीला हलली नाही. टेपचं बटण दाबून बंद केलं, रेघ सपाट. परत लावलं, रेघ उठली. टाळी, काही नाही. बाई म्हणाल्या, "आता टाळ्या काहून वाजवून राहिली?" मी सांगितलं, कॉम्प्युटर आपलं ऐकतोय की टेपचं ते बघतेय. "मंग हे आधी काहून नाही केलं?" मी भजनाची टेप काढून बाजूला ठेवली.

एक पस्तीसला त्याने कॅसेट माझ्या हातात दिली. बोटं तपकिरी झाली होती त्याची. पंचवीस मिनिटं म्हणजे बरोबर दोन.

मी लाल गोल दाबला, मग मशीनचं बटण. ओळ आली आणि पडद्यावर रेघ अशी भरून उठली की मी बोलून गेले, "आला." बाईंनी तोंडावर हात ठेवला. मोकळ्या जागेत रेघ पार सपाट, घूं नाही, कर्र नाही. मग पुन्हा ओळ. या वेळी त्याने ठोके दिले नाहीत. हात मांडीखाली दाबून बसला होता. आता खोली भरली जात नाही हे मी सांगितलं होतं, तरी. बाईही चूप होत्या, ते जास्त अवघड होतं.

पंधरा मिनिटं. वीस. गल्लीतून करवतीचा आवाज यायला लागला, फांद्यावाले आले होते. बावीस. एक बारीक किरकिर कानात सुरू झाली, कोरड्या चाकासारखी. माझं बोट बटणावर. थांबवलं तर पुढचं राहील, चालू ठेवलं तर पट्टी जाईल. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने हात सरळ केला, चालू दे.

तेवीस. चोवीस. मग आवाज लांबला, खाली गेला, आणि मशीनने पट्टी गिळली. मी बटण मारलं. झाकण उघडलं. वीतभर पट्टी वळ्या पडून चुरगळलेली, एका जागी तुटलेली, आणि रंग निघून पारदर्शक झालेली. ती आता कुणाच्याच हाताने सरळ होणार नव्हती.

आधी जेवढं भरलं तेवढं जपून ठेवलं. मग पेनड्राइव्हवर टाकलं. मग वाजवून बघितलं. सगळं होतं. शेवटी शेवटी आवाज डुगडुगत होता, ती दोन सेकंदं कापून पेनड्राइव्हवर पुन्हा टाकलं. शेवटच्या ओळीनंतरचं काहीच नव्हतं. मी हेडफोन त्याच्या कानाला लावला.

तो ऐकत होता तेव्हा लाइन गेली, दोनच्या पाचेक मिनिटं उशिराच. कॉम्प्युटर विझला. पंखा चालू राहिला. पेनड्राइव्ह मी आधीच काढून मुठीत धरला होता, इतका घट्ट की तळव्यावर त्याचा वळ उठला होता.

"शेवटचं राहिलं," मी म्हणाले. "काय होतं शेवटी?"

त्याने पाटीवर लिहिलं, 'साधु साधु साधु.' क्षणभर थांबून खाली आणखी लिहिलं. 'ते लोकच म्हणतात.'

बाईंनी पेनड्राइव्ह रुमालात बांधला, रुमाल ब्लाउजमध्ये खोचला. जाताना दारात थांबल्या. "मगाशी बोलली ते... गरमी लय होती ना वं." मी मान हलवली. तो माणूस पायरीवरून परत आला, काउंटरवर बोटाने चार ठोके दिले आणि गेला. मालकांचा फोन चार वाजता आला. मुलीला मुलगा झाला होता. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सांगतलं त्यायले खरं?" मी हो म्हणाले. "मंग ठीक. सोमवारी यादी वाचायले शिकवतो तुले. कॅमेरा फेकू नको."

रविवारी दुकान बंद. मी वाडीच्या खोलीत भाकरी थापत होते आणि माझं लक्ष भाकरीत नव्हतं. स्पीकरवर वाजेल का. कुणी मोठ्याने लावलं आणि फाटलं तर. शेवटी आवाज एकदम थांबेल, लोकांना वाटेल बिघडलं, कुणीतरी हसेल. त्याच्या नातीसमोर. नवरा म्हणाला, तवा जळतोय.

बाराच्या सुमारास फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडे नुसता कल्लोळ, आणि त्यात बाई ओरडून, "ऐक वं पोरी, ऐक!"

त्यांनी फोन स्पीकरकडे धरला असावा. काय आवाज तो, घूं घूं, शिट्ट्या, डबीने जे जे दूर ठेवलं होतं ते सगळं परत आलेलं. पण त्यात तो होता. एक ओळ. मग मोकळी जागा, आणि त्या जागेत शेदोनशे माणसं. मी पिठाच्या हाताने फोन कानाशी दाबला. कोणती ओळ ते मला आता पाठ होतं. ही शेवटून तिसरी. ही दुसरी. ही शेवटची. लोकांनी ती मागून म्हटली.

आणि स्पीकर गप्प झाला.

मी मोजत होते. एक. दोन. खोलीबाहेरून ट्रक गेला. तीन. चार.

"यायनं हात वर केला," बाई फोनमध्ये हळूच म्हणाल्या.

आणि मांडव म्हणाला, तीनदा.